व्हेरिकोज व्हेन्स: लेझर की आरएफ? (ठाणे / नवी मुंबई)

पोळीवाली_नौपाडा · १४ जून, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहितेय पहिल्यांदाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नौपाड्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे, २२ वर्षं झाली. पहाटे साडेचारला तवा चढतो तो साडेदहाला उतरतो, संध्याकाळी परत साडेचार ते आठ. लाटायला दोघी आहेत, पण शेकायला मीच उभी. वय ५३. डाव्या पोटरीवरच्या शिरा आठ-दहा वर्षांपासून दिसतायत. दुखत नव्हत्या, म्हणून साडीखाली झाकल्या आणि विसरले. आता संध्याकाळी पाय इतका भरून येतो की चपलेचा पट्टा रुततो, रात्री पोटरीत गोळे येतात. दिवाळीपासून डाव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दहाच्या नाण्याएवढा तपकिरी डाग पडलाय, खाजतो. मी इतके दिवस ती तव्याची धग समजत होते. तव्याची धग घोट्याला कशी लागेल, हे डोक्यातच आलं नाही.

दोन डॉक्टर झाले. ठाण्यातले म्हणाले लेझर करू, आमच्याकडे १४७० नॅनोमीटरचं आहे, ८५ हजार. वाशीचे म्हणाले लेझर आता मागे पडलं, आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी) करा, १ लाख १५ हजार. एकाच्या मते लेझरने फार दुखतं, दुसऱ्याच्या मते आरएफने केलेली शीर परत उघडते. मिक्सर घ्यायला दुकानात शिरल्यासारखं वाटलं.

तर ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सांगा. दोन्हींत खरा फरक काय? आणि किती दिवसांत तव्यापाशी उभं राहता येतं? गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी असतात, त्याच्या आत उरकायचंय.

ट्रान्सहार्बर · १४ जून, रात्री ११.३०

ताई, मी आरएफवाला. नेरूळला औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो, म्हणजे तुमचाच जातभाई. दोन वर्षांपूर्वी उजव्या पायाचं झालं. शनिवारी केलं, सोमवारी दुकानात.

गुडघ्याच्या जरा खाली एक सुई. तिथून सोनोग्राफीत बघत बघत तार वर जांघेपर्यंत नेली. मग मांडीभर शिरेच्या कडेने भूल मिसळलेलं गार पाणी सुईने भरतात. खरं टोचतं ते एवढंच, पुढचं काही जाणवत नाही. तारेच्या टोकाला ७ सेंटिमीटरची तापणारी गुंडाळी असते. ती १२० अंशांवर २० सेकंद तापते, यंत्र बीप करतं, डॉक्टर तार तेवढीच मागे ओढतात, परत २० सेकंद. जांघेजवळचा पहिला टप्पा दोनदा देतात. माझे सहा टप्पे झाले. त्या वेळात नर्सबाईंनी मला शिळफाट्याच्या ट्रॅफिकचं सगळं पुराण सांगून संपवलं.

आठवड्याने मांडीत आतून दोरी ओढल्यासारखं झालं. ते दहा दिवस राहिलं. बाकी काही नाही.

औषधवाला म्हणून एक आगाऊ सल्ला: लेझरचा प्रकाश नेणारं फायबर असो की आरएफची तार (कॅथेटर), एकदाच वापरायची वस्तू आहे. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि त्याचं स्टिकर फाइलला लावून घ्या. डॉक्टरांना राग आला तर येऊ दे.

ऐरोलीची_अनु · १५ जून, सकाळी ७.०५

वाचतेय. आईचंही हेच चाललंय.

घोडबंदरी · १५ जून, सकाळी ९.४०

माझा अनुभव कडू आहे, पण लिहितो.

तीन वर्षांपूर्वी लेझर केलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. पॅकेज होतं, 'एका दिवसात घरी'. कमरेत इंजेक्शन देऊन दोन्ही पाय बधिर केले आणि शीर जांघेपासून थेट घोट्यापर्यंत जाळली. मांडी जांभळ्या वांग्यासारखी झाली होती. ते पंधरा दिवसांत उतरलं. पण उजव्या पोटरीची आतली बाजू आजही बधिर आहे. तिथे डास चावला तर कळत नाही, पॅन्टचं कापड लागलं तर झिणझिण्या येतात. विचारलं तर 'लेझरमध्ये होतं असं कधीकधी'.

शीर बंद आहे, हे खरं. फुगवटाही गेला. पण मला कोणी विचारलं तर आरएफच करा असं सांगेन.

निवृत्त_चाकू · १५ जून, दुपारी ४.१५

मी जनरल सर्जन, ठाण्यातच प्रॅक्टिस केली, आता हातात सुरीऐवजी चहाचा कप असतो. थोडं मागून सांगतो, म्हणजे ही भांडणं किती नवी आणि किती जुनी ते कळेल.

ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनने १८९०च्या सुमारास मांडीतली मोठी शीर बांधून टाकायला सुरुवात केली. १९०७ मध्ये बॅबकॉकने शिरेच्या आत तार घालून ती उपटून काढायची युक्ती सांगितली. आम्ही आयुष्यभर तेच केलं: जांघेत चीर, गुडघ्याजवळ चीर, तार घालायची आणि ओढायची. पेशंट आठवडाभर लंगडत असे. १९९९-२००० च्या आगेमागे उष्णता आली. शीर उपटायची नाही, आतून भाजून जागीच बंद करायची. शरीर ती पुढे महिनोन्महिने जिरवत राहतं. आरएफ आणि लेझर ही या एकाच कल्पनेची दोन अवजारं.

फरक तापवण्यात आहे. आरएफची गुंडाळी १२० अंशांवर धरून ठेवलेली असते आणि एकेक टप्पा ठरलेल्या वेळात भाजते. लेझरच्या टोकाशी उष्णता त्याहून कितीतरी जास्त, आणि फायबर डॉक्टर हाताने सावकाश मागे ओढत आणतो. ८१०, ९४०, ९८० नॅनोमीटरची जुनी लेझर रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये जास्त शोषली जायची. त्यातून फायबरचं टोक उघडं. ते शिरेच्या भिंतीला टेकलं की तिथे भोक, मग रक्त बाहेर, मग वांगं. १४७०चा प्रकाश पाणी शोषतं, म्हणजे भिंतच शोषते, त्यामुळे कमी ताकदीत काम होतं. आणि आता रेडियल फायबर आहे, ज्याचा प्रकाश टोकातून समोर न जाता चहूबाजूंनी कड्यासारखा पडतो.

आता आकडे. २०११ मध्ये डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५०० पेशंट, चार गट: लेझर, आरएफ, फेस (औषधाचा फेस शिरेत टोचून ती बंद करणं) आणि जुनं उपटणं. वर्षाने शीर बंद न राहिलेले पाय लेझरमध्ये ५.८ टक्के, आरएफमध्ये ४.८, उपटण्यात ४.८, फेसात १६.३. म्हणजे 'आरएफने परत उघडते' यात दम नाही. पहिल्या दहा दिवसांतलं दुखणं दहापैकी सरासरी लेझरला २.५८, आरएफला १.२१. म्हणजे 'लेझर जास्त दुखतं' हे खरं. पण त्या अभ्यासातलं फायबर उघड्या टोकाचं होतं. वाशीचे डॉक्टर जे सांगतायत ते त्या जमान्याचं आहे. १४७० आणि रेडियल असेल तर दुखण्यातला फरक फारसा उरत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये मार्गदर्शन काढलं, त्यातही पहिली पसंती उष्णतेला, मग फेस, मग ऑपरेशन. लेझर की आरएफ, हे त्यांनी डॉक्टरवर सोडलं.

ठाण्यातल्या डॉक्टरांना एवढंच विचारा: फायबर उघडं की रेडियल? उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा.

घोडबंदरी, तुमचं वाईट वाटलं. पण खापर लेझरवर फोडू नका. गुडघ्याखाली त्या शिरेला खेटून सॅफेनस नावाची नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) जाते. घोट्यापर्यंत जाळत गेलं की ती सापडते, मग हातात आरएफ असो की लेझर. शीर आणि नस यांच्यात पाणी भरून अंतर करायचं असतं. कमरेत भूल दिली की दुखत नाही, मग पाणी भरायची घाई होते किंवा भरतच नाहीत. जागा पेशंट असता तर ओरडला असता.

घोडबंदरी · १५ जून, संध्याकाळी ६.२०

म्हणजे मी ओरडायला हवं होतं आणि मला ओरडता येऊ नये अशी सोय केली होती. तीन वर्षांनी कळलं. धन्यवाद काका.

मधुमालती · १५ जून, रात्री ९.१०

एवढी भाजाभाजी करण्याआधी एखाद्या चांगल्या वैद्यांकडून जळवा लावून घ्या. माझ्या सासूबाईंचा पाय जळवांनी हलका झाला होता. दुष्ट रक्त निघून गेलं की शीर बसते.

निवृत्त_चाकू · १५ जून, रात्री ९.४४

जळू रक्त पिते, झडप (शिरेतलं रक्त खाली परत येऊ न देणारा पडदा) शिवत नाही. झडप गळतेय तोवर रक्त रात्रीतून परत भरतं. त्वचा आधीच काळी पडलेली असताना तिथे जखम करून घेणं तर मुळीच नको.

मधुमालती · १५ जून, रात्री ९.५०

सासूबाईंना बरं वाटलं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. असो.

आगंतुक · १५ जून, रात्री १०.३०

अडाणी प्रश्न: एक, शीर बंद केली तर रक्त वर जाणार कुठून? दोन, बायपासला पायाचीच शीर काढतात ना? ती जाळून टाकली आणि उद्या हार्टचं निघालं तर?

सोनोताई · १६ जून, सकाळी ८.१५

रेडिओलॉजीत आहे, दिवसभर डॉपलरच (शिरांतलं रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) करते. अडाणी कसला, हा रोज येणारा प्रश्न आहे.

पायातलं बहुतेक सगळं रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतून वर जातं. वरची शीर म्हणजे सर्व्हिस रोड. ती गळकी असेल तर रक्त वर न्यायच्या ऐवजी खाली सोडत असते, त्यामुळे बंद केल्याने आतल्या रस्त्यावरचा भार कमीच होतो. मात्र आतला रस्ता मोकळा आहे ना, जुनी गुठळी नाही ना, हे आधी बघावंच लागतं. बायपासचं म्हणाल तर फुगून वेडीवाकडी झालेली शीर सर्जन तशीही वापरत नाहीत. दुसरा पाय असतो, छातीतली आणि हातातली धमनी असते.

आता पोळीवाली ताईंना. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मला झोपू देईना. डाग घोट्याच्या *बाहेरच्या* बाजूला आहे म्हणालात. नक्की बाहेरच्या? करंगळीच्या बाजूला? आणि डॉपलर कसं केलं होतं, उभं करून की झोपवून?

पोळीवाली_नौपाडा · १६ जून, दुपारी १२.०५

आताच तवा उतरवला. हो, करंगळीच्या बाजूला. डॉपलर झोपवून केलं, पाच मिनिटांत आटपलं. रिपोर्टात एकच ओळ आहे, जांघेजवळची झडप निकामी. वाशीच्या डॉक्टरांनी तोच रिपोर्ट बघितला, परत केलं नाही.

सोनोताई · १६ जून, दुपारी १.४०

मग अजून काहीही ठरवू नका.

पायाला वरवरच्या मोठ्या शिरा दोन. एक आतल्या घोट्यापासून मांडीच्या आतून जांघेपर्यंत जाते. दुसरी लहान. ती बाहेरच्या घोट्यामागून निघते, पोटरीच्या मधोमध वर चढते आणि गुडघ्याच्या मागे खोल शिरेला मिळते. पहिली गळली तर डाग बहुधा आतल्या घोट्याला पडतो, बाहेरच्या घोट्याला पडला तर लहान शिरेकडे बघायला हवं. दर वेळी असंच असतं असं नाही, पण तुमच्या बाबतीत बघितलंच गेलेलं नाही.

डॉपलर उभं राहूनच करायचं. आम्ही पोटरी दाबून सोडतो. रक्त वर जातं आणि झडप ठीक असेल तर तिथेच थांबतं. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं तर गळती. झोपलेल्या माणसाचं रक्त उलटं वाहील कशाला? नळ बंद करून पाइप गळतोय का बघण्यासारखं आहे ते. दोन्ही पाय, दोन्ही शिरा आणि खोल शिरा, नीट केलं तर अर्धा-पाऊण तास लागतो.

लेझर की आरएफ हा वाद मला नेहमी गमतीचा वाटतो. कुठली शीर हेच ठरलेलं नसताना भट्टी कुठली, यावर लोक भांडत असतात.

ट्रान्सहार्बर · १६ जून, दुपारी १.५५

बापरे. माझंही झोपवूनच केलं होतं की काय आठवत नाही आता.

पॉलिसीपुराण · १६ जून, रात्री ११.१०

विम्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. बऱ्याच पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्स नावाने लिहून पहिली दोन वर्षं वगळलेल्या असतात. तुमची पॉलिसी जुनी असेल तर प्रश्न नाही. हे डे-केअरमध्ये बसतं, २४ तास ॲडमिट राहायची अट नाही. खरी मारामारी 'हे दिसण्यासाठी करताय' या शेऱ्यावर होते. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात सूज, गोळे, त्वचेचा डाग हे सगळं लिहून घ्या. डाग पडला की डॉक्टरी भाषेत सी-४, तो शब्द पत्रात असला की डेस्कवरचा माणूस कमी बोलतो. डागाचा फोटो तारखेसकट काढून ठेवा. प्री-ऑथ (विमा कंपनीची मंजुरी) आधी, ॲडमिशन नंतर.

पोळीवाली_नौपाडा · २४ जून, रात्री १०.२०

सोनोताई, तुमच्या पाया पडायला यावंसं वाटतंय.

कोपरखैरणेला तिसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला लाकडी पायरीवर उभं केलं, एका पायावर भार देऊन, हाताने कठडा धरून. स्वतः खाली स्टुलावर बसून पाऊण तास बघत होते. स्क्रीनवर निळं-लाल चमकत होतं. पोटरी दाबून सोडली की निळा पट्टा उलटा लाल व्हायचा आणि तसाच राहायचा. ते मला मोजून दाखवत होते, "हे बघा, सव्वादोन सेकंद."

जांघेतली झडप ठणठणीत आहे! आतल्या मांडीची शीर साफ! गळतेय ती मागची लहान, ६ मिलिमीटर फुगलेली, गुडघ्यामागून निम्म्या पोटरीच्या खालपर्यंत. तिथून एक वाकडा फाटा फुटून बाहेरच्या घोट्याकडे गेलाय.

म्हणजे ८५ हजारांत किंवा १ लाख १५ हजारांत माझी चांगली शीर जाळली गेली असती, आणि डाग तसाच राहिला असता. रिक्षात बसल्यावर हातपाय गार पडले होते माझे.

मग विचारलं, आरएफ की लेझर? इथलं वाचून मनात आरएफ पक्कं झालं होतं. त्यांच्याकडे दोन्ही आहेत. ते म्हणाले या शिरेला मी लेझर घेईन. माझं तोंड पडलेलं बघून हसले.

निवृत्त_चाकू · २५ जून, सकाळी ९.३०

शाबास सोनोताई. मीही तो 'बाहेरच्या बाजूला' वाचून पुढे गेलो होतो, कबूल करतो.

त्यांनी लेझर का म्हटलं असेल? लांबी. तुमची जाळायची शीर वीतभरसुद्धा नाही. आरएफची नेहमीची गुंडाळी ७ सेंटिमीटरची. मांडीत ती सोयीची, सरळ मोठी शीर, पटापट टप्पे. इथे मात्र वर गुडघ्यामागे खोल शिरेपासून अंतर ठेवायचं आणि खाली सुरल नावाच्या नसेपासून. ती पोटरीच्या खालच्या भागात शिरेला अगदी बिलगते, म्हणून सुई घोट्याजवळ टोचायची नाही, निम्म्या पोटरीच्या आसपासच टोचायची. अशा तुटपुंज्या जागेत बारीक फायबर हवं तिथे सुरू करून हवं तिथे थांबवता येतं. आरएफमध्ये ३ सेंटिमीटरची गुंडाळीही मिळते, ती असेल तर तीही चालेल. हाताला सवय कशाची, हेही असतंच.

वाकडा फाटा दोन्हींनी जळत नाही, वळणातून तार जातच नाही. तो बारीक हुकने काढतात किंवा फेस देतात. त्याबद्दल विचारून घ्या, नाहीतर 'शीर बंद झाली पण फुगवटा तसाच' म्हणून परत इथे धागा येईल.

ऐरोलीची_अनु · २५ जून, सकाळी १०.०२

आईला एकांनी ग्लू सांगितलाय, भूलही नको म्हणे. आणि वाफेने पण करतात का? कुठेतरी वाचलं.

निवृत्त_चाकू · २५ जून, सकाळी ११.२०

ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट, तुमच्या फेविक्विकचा शरीराला चालणारा चुलतभाऊ. त्यात उष्णता नाही, म्हणून नसेला भाजायची भीती नाही, पाणी भरायचं काम नाही. महाग आहे, आणि काहींना शिरेच्या वाटेवर लाल, खाजरी सूज येते. चिकटवलेली वस्तू शरीरात राहते, हे काहींना पटत नाही, मला तर नाहीच.

वाफेचं युरोपात निघालं. बारीक नळीतून वाफेचे छोटे झोत. लेझरशी तुलना केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यात वाफेने दुखणं कमी होतं. आपल्याकडे मी तरी कुणाकडे पाहिलेलं नाही.

पोळीवाली_नौपाडा · २५ जून, दुपारी १२.३०

वाफेवर मी एकवीस मोदक करून देईन, शीर नको.

पोळीवाली_नौपाडा · ११ जुलै, दुपारी ३.४०

झालं मंडळी! काल सकाळी केलं. ७२ हजार, फाट्यासकट. विम्याने ६४ दिले.

सविस्तर लिहिते, कारण मला स्वतःला हेच वाचायला हवं होतं.

आधी उभं करून पोटरीवर मार्करने शीर काढली, तिच्या बाजूला नसेची तुटक रेघ, फाट्यावर फुल्या. पाय म्हणजे मेट्रोचा नकाशा. मग पालथं झोपवलं. तोंडाखाली उशी आणि डोळ्यांसमोर फरशीचा एक टवका उडालेला कोपरा, पुढचा तासभर मी तेवढंच बघत होते. पाकीट समोर फोडलं (ट्रान्सहार्बर, सांगितलं मी! राग आला नाही, उलट स्टिकर दाखवलं).

पोटरीच्या मध्यावर सुई, डास चावल्यासारखी. मग पाणी. सात-आठ टोचण्या. हे दुखतं, उगाच नाही कशाला म्हणू. पण तीन-चार झाल्या की आधीच्या भुलीवर पुढच्या पडतात. आतून पोटरी गार पडत गेली आणि तेलात पुरी फुगावी तशी टम्म फुगली. डॉक्टर सारखे स्क्रीनकडे बघून "अजून थोडं, नस दूर ढकलू दे" म्हणत होते. चष्मे सगळ्यांनी घातले, मलाही दिला. मी पालथी! नर्स म्हणाली, कातडीतून लाल ठिपका दिसतोय, खाली सरकतोय. मला काहीच नाही, फक्त एकदा टाचेकडे वीज गेल्यासारखं झालं. मी ओरडले, ते लगेच थांबले, अजून पाणी भरलं आणि पुढे गेले. घोडबंदरी, त्या क्षणी तुमचीच आठवण आली.

लेझर सुरू होतं जेमतेम तीन-चार मिनिटं. फाटा काढायलाच जास्त वेळ गेला, चार बारीक छेद, टाके नाहीत, नुसत्या पट्ट्या. स्टॉकिंग चढवून लगेच अर्धा तास कॉरिडॉरमध्ये फिरवलं. झोपून राहायचं नाही, दर तासाला पाच मिनिटं चालायचं म्हणाले. दुपारी घरी.

कार्डावर लिहिलंय: १७ सेंमी, १०२० ज्यूल. म्हणजे काय?

निवृत्त_चाकू · ११ जुलै, संध्याकाळी ५.००

सेंटिमीटरला ६०. रीतसर. आणि ओरडलात ते उत्तम केलंत.

आठवड्याने परत सोनोग्राफी चुकवू नका. बंद शिरेतली गुठळी वर खोल शिरेत डोकावत नाही ना, ते बघायचं असतं. क्वचित होतं, पण बघितलं तरच कळतं. मधल्या काळात पोटरी अचानक टणक होऊन सुजली किंवा धाप लागली तर वाट न बघता गाठा.

घोडबंदरी · ११ जुलै, रात्री ८.१५

वाचून बरं वाटलं ताई. मनापासून.

पोळीवाली_नौपाडा · २ ऑगस्ट, रात्री ९.३०

उशिरा लिहितेय, आखाडाच्या गडबडीत राहून गेलं.

सातव्या दिवशीची सोनोग्राफी: शीर बंद, गुठळी नाही. आठव्या दिवशी पोटरीत मागून कोणी सुतळी ओढल्यासारखं झालं, ट्रान्सहार्बरने आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. बाहेरच्या टाचेच्या वर नाण्याएवढी जागा बधिर आहे, फाटा काढला तिथे. डॉक्टर म्हणाले काही महिन्यांत परत येईल, नाही आली तरी एवढीच राहील. बघू. गोळे गेले. डाग तिथेच आहे, पण खाज थांबलीय.

पाचव्या दिवशी तव्यापाशी आले. उंच स्टूल घेतलंय, अर्धी टेकून उभी राहते, आणि पोळी उलटली की टाचा वर, पोळी उतरली की टाचा खाली. लाटणाऱ्या दोघी हसतात.

स्टॉकिंगचं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. मी आठवडाभर घातलं. पावसात वाळत नाही, म्हणून सुरुवातीलाच दोन जोड घ्या. घालताना पायाला आधी दुधाची रिकामी पिशवी (धुतलेली!) चढवायची, त्यावरून मोजा सरकतो, मग बोटांकडच्या भोकातून पिशवी ओढून घ्यायची. हातात भांडी घासायचे रबरी मोजे, म्हणजे पकड बसते.

ऐरोलीची_अनु · २ ऑगस्ट, रात्री ९.५२

आईचं डॉपलर परवा उभं करून झालं. दोन्ही शिरा गळतायत, मांडीतली आणि मागची. आता तिचा नवा धागा काढावा लागणार. ती पिशवी अर्ध्या लिटरची की लिटरची?

पोळीवाली_नौपाडा · २ ऑगस्ट, रात्री १०.०४

लिटरची. अर्ध्याची टाचेशी अडकते.